निधीचे रोडगे

देवीदास मोहोडांनी आयुष्यात कुणाकडे वर्गणी मागितली नव्हती. अमरावतीच्या त्यांच्या कॉलनीत गणपती असो, सप्ताह असो की कोजागिरी, ते अध्यक्ष असत. अध्यक्षाने पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर सही करून चहा प्यायचा असतो, दारोदार फिरायचं नसतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं काढून कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या अशा काही समजुती असायच्याच. त्यामुळे ऑगस्टातल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या दीक्षाला त्यांनी जो शब्द देऊन टाकला, तो आपल्या तोंडून निघालाच कसा हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दीक्षा ही पुंजाजी खंडाऱ्यांची मुलगी. अकोल्याला संशोधन करायची. शेतात राबणाऱ्या बायांना ऊन नेमकं किती लागतं, हा तिचा विषय. तीन उन्हाळे ती तिवशाकडच्या वावरांमधून बायांच्या पदराला चिमटीएवढी यंत्रं अडकवत फिरत होती. त्यातलं एक वावर मोहोडांचंच होतं, साडेचार एकराचं. आता ब्राझीलमध्ये साऱ्या जगातले देश हवामानाच्या वाटाघाटींना बसणार होते आणि तिथे बोलायला दीक्षाला बोलावणं आलं होतं. आत जायचा बिल्ला मिळाला होता, वेळ ठरली होती. जायचे पैसे तेवढे कुणी दिले नव्हते.

“किती वेळ बोलाचं हाये?” मोहोडांनी विचारलं.

“तीन मिनिटं, काका.”

“आन खर्च?”

“दोन लाख चाळीस हजार. विमान तर हायेच, पण तिथल्या खोल्याच लय महाग होऊन राहिल्या.”

मोहोडांनी मनातल्या मनात भागाकार केला. मिनिटाला ऐंशी हजार. जिल्हा परिषदेच्या सभागृहात त्यांनी माणसं तासन्‌तास फुकट बोलताना ऐकली होती.

“वीस ऑक्टोबरपर्यंत तिकीट नाही काढलं तर बिल्ला परत करा लागते,” दीक्षा म्हणाली. ती हसत होती, पण कप हातात उगाचच फिरवत होती. “त्या बायाईले मी सांगून बसली, तुमचं म्हणनं तिथी मांडतो म्हणून. आता त्याईले काय सांगू?”

मोहोडांना ते बघवलं नाही. “परत-गिरत काही करू नको. कॉलनी पाठवीन तुले. मी सांगून राहिलो ना!”

“कॉलनीले इचारलं का पन, अजी?” आतून इंदूबाईंचा आवाज आला. बायकोच्या प्रश्नाला पाहुण्यांसमोर उत्तर द्यायचं नाही, हीसुद्धा मोहोडांची एक समजूत होती.

सभा झाली. चहा आणि आलूबोंडे असल्यामुळे गणपूर्ती झाली. हवामान बदलतंय यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण त्या वर्षी संत्र्याचा आंबिया बहार सगळ्यांचाच गळाला होता. पण त्यासाठी ब्राझीलला कशाला जायचं, हे कुणाला समजेना. “तिनं इथीच बोलावं, आमी ऐकतो,” असं एकाने सुचवलं. दुसऱ्याने ऑर्केस्ट्रा ठेवायला सांगितलं. तिसऱ्याचं मत लकी ड्रॉ काढून पहिलं बक्षीस मिक्सर ठेवावा असं पडलं. मिक्सर त्याच्याच दुकानातला होता. चौथ्याचा भाचा पुण्याला इंटरनेटवर पैसे गोळा करून द्यायचं काम करायचा, पण तो भाचा त्याचा फोन उचलत नव्हता. खिशात हात मात्र कुणी घातला नाही.

पुंजाजी कोपऱ्यात ताठ बसले होते. पोस्टात हयात गेलेला माणूस. दुसऱ्याचे पैसे ज्याचे त्याला नेऊन देण्यात जन्म गेला, स्वतःसाठी कुणाचे घ्यायचे म्हटलं की त्यांचा चेहराच उतरायचा. शेवटी ते उठले. “मोहोड साहेब, एक सांगतो. माह्या पोरीसाठी कोनी भीक नाही मागाची. लोकाईले काही द्या, आन मंग त्याईच्याकून घ्या.”

या वाक्यातून मोहोडांना रोडगे सुचले.

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला रोडगा सांगून समजत नाही, तरी सांगतो. कणकेच्या तीन-चार पाऱ्या एकात एक घेऊन गोळा वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा, राख झटकून तो फोडायचा आणि तुपात बुडवून वांग्याची भाजी अन् वरणाबरोबर खायचा. दुपारी जेवलेला माणूस रात्री जेवत नाही. मात्र रोडगे कुणी विकत घेऊन खात नाही. कुणाचा तरी नवस फिटतो, तो शेतात नाहीतर देवळापाशी आगटी पेटवतो आणि गावाला बोलावतो. मोहोडांना वाटलं, हे रोडगे तिवशाच्या आपल्या वावरात करावेत, सहाशे रुपयांचं एक अशी पाचशे कुपनं विकावीत, खर्च वजा जाता दीक्षा ब्राझीलला.

“रोडगे मंजे नवस आला,” पुंजाजी म्हणाले. “आमच्यात नवस करत नाहीत, तुमाले माईत हाये.”

“हे नवसाचे नाहीतच! हे निधीचे रोडगे!” मोहोड उद्गारले, आणि हे शब्द त्यांना स्वतःलाच इतके आवडले की ते फलकावर लिहायचं त्यांनी तिथेच ठरवलं.

पैसे गोळा करताना दीक्षाच्या संस्थेचं नाव घ्यायचं तर रीतसर ना हरकत पाहिजे, असं मोहोडांच्या कारकुनी मनाला वाटलं. वास्तविक हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सप्टेंबरात ते एसटीने अकोल्याला गेले आणि त्या संस्थेच्या कार्यालयातल्या तिसऱ्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले. टेबलावरच्या इसमाने अर्ज न वाचताच उलटा करून पाहिला.

“विषय?”

“हवामान बदल.”

“माह्या टेबलावर फक्त हवामान हाये. बदल वरच्या मजल्यावर.”

वरच्या मजल्यावर ‘बदल’ रजेवर होते. त्यांच्या शेजारच्या बाईंनी दया येऊन सांगितलं, की निधीसाठीचा अर्ज विहित नमुन्यात लागतो. मोहोडांनी नमुना मागितला. बाई म्हणाल्या, नमुना अजून विहित व्हायचा आहे. मोहोड पायऱ्या उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. अपमानापेक्षा जास्त टोचत होतं ते हे, की ‘नमुना विहित व्हायचा आहे’ हे वाक्य त्यांनी स्वतः नोकरीत निदान दोनशे लोकांना ऐकवलं होतं, आणि समोरच्याला त्या वेळी कसं वाटत असेल याची त्यांना सुतराम कल्पना नव्हती.

त्याच रागात ते मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात भाचा बंडूच्या छापखान्यात गेले. बंडू गेली अठरा वर्षं लग्नपत्रिका छापत होता. मामाने सांगितलेलं सगळं त्याने ऐकलं आणि चहा येईपर्यंत कुपनाचा नमुना काढूनही दिला. वरती गणपती होता.

“गणपती काढ बंडू, खंडारे भाऊईच्या घरचं हाये.”

बंडूने गणपती काढला. “हे ‘शुभविवाह’ पन काढू का मामा?”

“अरे लेका!”

तेही निघालं. आपण वेळीच पाहिलं म्हणून मोहोड स्वतःवर इतके खूश झाले की उरलेला मजकूर त्यांनी वरवरच वाचला. ‘रविवार, दिनांक बारा ऑक्टोबर, मौजे तिवसा शिवार, रोडग्यांच्या जेवणास आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्याने उपस्थित राहून उपकृत करावे. मूल्य रुपये सहाशे.’ यात त्यांना काहीही वावगं दिसलं नाही. जेवायला बोलवायचं आणि सहकुटुंब म्हणायचं नाही, असला उद्धटपणा मोहोडांच्या सात पिढ्यांत कुणी केला नव्हता. खाली ‘अध्यक्ष’ म्हणून त्यांनी झोकात सही ठोकली आणि पाचशे प्रती सांगून मोकळे झाले.

कुपनं चार दिवसांत संपली. अगदी हातोहात. कॉलनीतले लोक तर घेतच होते, पण बडनेऱ्याहून, परतवाड्याहून फोन येत होते. मोहोड भारावून गेले. “लोकाईमंदी हवामानाबद्दल एवढी जागृती अशीन हे मले माईतच नव्हतं,” ते इंदूबाईंना म्हणाले. एकाने फोनवर विचारलं, “साहेब, आमच्या घरी पोरीच्या सासरचे पाव्हणे हायेत. चालते ना?” मोहोड म्हणाले, “अवश्य आणा!” आणि पाहुण्यांची कुपनं तो उद्या नेईल म्हणून वाट पाहत बसले.

बारा तारखेला सकाळी तिवशाच्या वावरात आचारी देवमनने पाचशे माणसांच्या हिशेबाने आगटी रचली. पण त्या वर्षी पाऊस दसऱ्यापर्यंत हटला नव्हता आणि गोवऱ्या आतून ओल्या राहिल्या होत्या. पेटवल्याबरोबर असा धूर निघाला की नागपूरचा रस्ता दिसेनासा झाला. ट्रकवाले दिवे लावून चालू लागले. बांधावर ‘हे रोडगे नवसाचे नसून निधीचे आहेत’ हा फलक होता आणि त्याखाली ‘हवा वाचवा, वसुंधरा वाचवा’ असं बंडूने स्वतःच्या खर्चाने छापून दिलं होतं. धुरामुळे दोन्ही ओळी कुणाला वाचता येत नव्हत्या, हे एका परीने बरंच झालं.

साडेअकराला पहिलं कुपन आलं. कुपन मोहोडांच्या जुन्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं होतं. त्याच्यामागून त्याची बायको, आई, दोन मुलं, सून, मुलगी, जावई, मुलीचे सासू-सासरे, त्यांच्या गावचे दोघं आणि गाडीचा ड्रायव्हर उतरला.

“बाकीचे कुपनं?” मोहोडांनी हात पुढे केला.

“बाकीचे कोनते? एकच तर हाये.”

“एका कुपनावर एक माणूस!” रागावले की मोहोड शुद्ध बोलायचे.

सहकाऱ्याने कुपन त्यांच्या नाकासमोर धरलं. “वाचा ना साहेब. सहकुटुंब, सहपरिवार. खाली तुमचीच सही हाये.”

मोहोडांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोळे उचलून रस्त्याकडे पाहिलं, तर धुरातून टेम्पो, मेटाडोर, ट्रॅक्टर असं सगळं काही त्यांच्याच शिवाराकडे वळत होतं. ‘जागृती’चा अर्थ आता त्यांना समजला. परत पाठवावं म्हणावं तर समोर मुलीचे सासू-सासरे हात जोडून उभे. मुलीच्या सासरच्यांना पंगतीच्या तोंडाशी आणून माघारी लावणारा माणूस वऱ्हाडात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. मोहोडांच्या तोंडून आपोआप निघालं, “या, या. बसा. पान वाढा रे!”

देवमन मात्र बाराच्या सुमाराला हातपाय गाळून बसला. “साहेब, कनिक संपली. आन मानसं तर अजून येऊनच राहिली. मी चाललो.”

त्याला थांबवलं पार्बताबाईने. पार्बताबाई म्हणजे मोहोडांच्याच वावरात कामाला येणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. दीक्षाने तिला आणि तिच्या बायांना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं, त्या लुगडी नेसून नटून आल्या होत्या. पार्बताबाईने एकदा गर्दीकडे, एकदा मोहोडांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. “चला गं बायाहो. भाऊची इज्जत जाऊन राहिली.” गावातली गिरणी उघडली. कुणी पोतं उचललं, कुणी शेजारच्या वाडीतून वांगी आणली, आणि वीस बाया दोन आगट्यांभोवती रोडगे वळायला, फिरवायला बसल्या.

ऑक्टोबरचं ऊन आणि त्यात निखारे. मोहोड वाढपावर देखरेख करत आगटीपाशी येरझारा घालत होते. दीक्षाने जाता जाता त्यांच्या कॉलरला एक यंत्र अडकवलं. दीड तासाने त्यांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले, जिभेला कोरड पडली, आणि ‘वरण वाढा’ म्हणायचं तर ‘मरण वाढा’ असं काहीतरी निघालं. दीक्षाने यंत्र पाहिलं. “काका, सावलीत बसा. आत्ताच्या आत्ता!” तिने त्यांना कडुलिंबाखाली नेऊन बसवलं, मीठ-साखरेचं पाणी पाजलं. तासभर ते तिथून हलू शकले नाहीत. तिथून त्यांना आगटी दिसत होती. बाया अजून तिथेच होत्या आणि त्यांना कुणी सावलीत बसा म्हणत नव्हतं. मोहोडांना ते दिसलं, थोडं टोचलंही, पण मग कुणीतरी तूप संपल्याची बातमी आणली आणि ते विसरले.

संध्याकाळपर्यंत सत्तावीसशे माणसं जेवली. तृप्त होऊन, ढेकर देऊन, मोहोडांच्या पाया पडून गेली. कणीक, तूप, डाळ, वांगी, गिरणी आणि देवमनची वाढीव बिदागी देऊन दीक्षाच्या तिकिटासाठी अठ्ठावन्न हजार उरले. आठ दिवस हातात होते.

दोन दिवस मोहोड घराबाहेर पडले नाहीत. सकाळचं फिरणं बंद झालं. खिडकीतून आवाज यायचे, “वा मोहोड साहेब, असे रोडगे दहा वर्षांत नाही खाल्ले!” आणि प्रत्येक कौतुकागणिक ते खुर्चीत आणखी खाली सरकायचे. दीक्षा येऊन उलट त्यांचीच समजूत घालून गेली. “राहू द्या काका. पुढच्या वर्षी पाहू.” ती गेल्यावर त्यांना खरोखर रडू आलं. एकतीस वर्षांत फायली उशिरा निघाल्या असतील, पण दिलेला शब्द असा वाया गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोच सहकारी आला, बारा जणांना घेऊन जेवलेला.

“पोरीचं जानं पक्कं ना साहेब?”

“कुठचं पक्कं? पैसे पुरले नाहीत.”

त्या गृहस्थाचा चेहराच उतरला. “मंजे? पोरगी नाही गेली तर आमी जे रोडगे खाल्ले, ते कायचे? नवस पुरा झाल्यावर खातात रोडगे. पुरा व्हायच्या आधी खाल्ले तर ते अंगावर राह्यते म्हणे! आमची म्हातारी कालपासून जेवली नाही.” आणि त्याने खिशातून चोवीसशे रुपये काढून टेबलावर ठेवले. “हे घ्या, पन पोरीले पाठवा बापा.”

दुपारपर्यंत फाटकाबाहेर रांग लागली. कुणी हजार, कुणी दोन हजार. मिक्सरवाल्याने तीन हजार दिले आणि सुनेच्या डोहाळजेवणाच्या आधी दीक्षाचं विमान उडालंच पाहिजे अशी अट घातली. मोहोड चक्रावून गेले. त्यांनी इंदूबाईंकडे पाहिलं. इंदूबाई गव्हातले खडे निवडत होत्या.

“तू काही बोलली का कोनाले?”

“मी? भजनी मंडळात एवढंच म्हटलं, काम व्हायच्या आधी खाऊन बसले तुमी, आता तुमचं तुमी पाहा.”

बत्तीस वर्षांच्या संसारात मोहोडांना आपल्या बायकोची एवढी भीती कधी वाटली नव्हती आणि एवढा अभिमानही.

संध्याकाळी पुंजाजी आले. ते ओरडत नव्हते, त्यामुळे ते किती चिडले आहेत हे लगेच कळलं. “मोहोड साहेब, लोक नवसाचे पैसे देऊन राहिले म्हणून ऐकलं. त्यातला एक रुपया माह्या पोरीच्या तिकिटाले लागनार नाही. ती शिकून तिथी चालली. तिनं तीन वर्सं उन्हात मोजमाप केलं. ती गेली तर ते तिच्या कामानं गेली पाह्यजे, कोन्या देवाच्या नावानं नाही.”

पुंजाजींचं बोलणं मोहोडांना पटलं होतं, आणि तेच तर अवघड होतं. पैसे समोर पडलेले, मुदत पाच दिवसांवर, आणि घ्यायचे नाहीत. रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र ते ताडकन उठले आणि कपाटातून कोरं पावतीपुस्तक काढून लिहायला बसले. दहाच्या सुमाराला त्यांनी पहिली पावती पुंजाजींपुढे धरली. ‘दिनांक बारा रोजी मौजे तिवसा येथे घेतलेल्या भोजनाचा आकार, माणशी रुपये दोनशे, कुपनाव्यतिरिक्त जेवणाऱ्यांची संख्या बारा, एकूण रुपये चोवीसशे, पावले.’

पुंजाजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “जेवले, आन जेवनाचे पैसे देले.”

“एवढंच.”

“याच्यात देव कुठी आला?”

“कुठीच नाही.”

“मंग चालते,” पुंजाजी म्हणाले, आणि खिशातून चारशे रुपये काढले. “मी आन दीक्षाची माय, दोघं जेवलो होतो.”

लोकांना पावतीवर काय लिहिलंय याचं सोयरसुतक नव्हतं. एका बाईने ‘नवस’ असं लिहून मागितलं, तेव्हा मोहोडांनी गंभीरपणे सांगितलं, की त्याचा नमुना अजून विहित व्हायचा आहे. अठरा तारखेला पैसे पुरे झाले. एकोणीस तारखेला तिकीट निघालं.

दीक्षाचं बोलणं नोव्हेंबरात एका मंगळवारी होतं, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला. मोहोडांच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर कॉलनी जमली होती. पुंजाजी नवा शर्ट घालून बसले होते. तिवशाहून पार्बताबाई आणि तिच्या सहा बाया एसटीने आल्या होत्या आणि सोफा रिकामा असूनही सतरंजीवर बसल्या होत्या. इंदूबाईंनी हाताला धरून त्यांना सोफ्यावर बसवलं. मोहोडांच्या खिशात चार पानी समारोपाचं भाषण होतं.

पडद्यावर दीक्षा दिसली. एवढीशी वाटत होती. ती इंग्रजीत बोलली, आणि हॉलमध्ये अर्ध्या लोकांना ते समजलं नाही, पण कुणी हललं नाही. शेवटी तिने कागद खाली ठेवला. “हे वाक्य माझं नाही, शेतात राबणाऱ्या बायांचं आहे, म्हणून ते त्यांच्याच बोलीत सांगते,” असं इंग्रजीत म्हणून तिने थेट समोर पाहिलं. “बारा ते चार आमाले उन्हात काम सांगू नका. आन तेवढ्यासाठी मजुरी कापू नका. आमी दुसरं काही मांगून नाही राहिलो.”

पुंजाजी चष्मा काढून पुसायला लागले. तो स्वच्छ होता. सतरंजीवरून उठून सोफ्यावर बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. “बराबर बोलली,” पार्बताबाई म्हणाली.

पडद्यावर दुसऱ्या देशाचा माणूस आला. मोहोड उठले, घसा खाकरला, पानं उलगडली. “बंधू आणि भगिनींनो, आज साऱ्या जगाने...”

“भाऊ,” पार्बताबाईने मध्येच विचारलं, “जगाचं राहू द्या. आपल्या वावरात केव्हापासून?”

इंदूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला.

“म्हणजे, हा विषय फार महत्त्वाचा आहे,” मोहोड शुद्ध मराठीत शिरले. “याचा सखोल अभ्यास झाला पाहिजे.”

“अभ्यास तर दीक्षानं केला ना तीन वर्सं. तुमच्याच वावरात.”

“हो, पण हे टप्प्याटप्प्याने करावं लागेल. पहिल्या टप्प्यात अर्धा तास. सन दोन हजार तीसपर्यंत आपण...”

“तीसपावेतो मी जगीन का भाऊ?”

“आणि मी एकट्यानेच का म्हणून?” मोहोडांचा स्वर चढला. “शेजारचा काळमेघ देतो का सुट्टी? आधी मोठ्या वावरवाल्यांनी द्यावी, त्यांच्याकडे तीस एकर आहे!”

“त्याईच्या घरी गेली होती मी,” पार्बताबाई शांतपणे म्हणाली. “ते म्हणते, मोहोड साहेब देत असतीन तर मी पन देतो.”

कुणीतरी फिस्कन हसलं. मोहोडांनी रागाने तिकडे पाहिलं, तर ते पुंजाजी होते. मग त्यांनी पार्बताबाईकडे पाहिलं. कोपरापासून मनगटापर्यंत तिच्या हाताला बारा तारखेच्या आगटीचे डाग होते. काळे पडले होते, अजून गेले नव्हते. मोहोडांना आपला लिंबाखालचा तो तास आठवला, कोरडी जीभ आठवली, आणि आपल्याला सावलीत बसवलं तेव्हा हिला कुणीच काही म्हणालं नव्हतं, मीही नाही, हे आठवलं. त्यांना लाज वाटली. साधी, सरळ, भाषणात न मावणारी लाज. हातातली चार पानं त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

“होळीपासून,” ते म्हणाले. “बारा ते चार सुट्टी. मजुरी पुरी.”

“लिहून द्या,” पार्बताबाई म्हणाली. “चैतात तुमाले आठवत नाही.”

इंदूबाईंनी पेन आणून दिलं. मोहोडांनी पावतीपुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलं, खाली सही केली, आणि या वेळी सगळा मजकूर दोनदा वाचला. पार्बताबाईने कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला आणि बायांना उठवलं.

ब्राझीलच्या वाटाघाटी अजून चार दिवस चालणार होत्या. अमरावतीच्या मात्र साडेआठला आटोपल्या, आणि बायांना तिवशाची शेवटची बस मिळाली.